गेममधला आवाज कोणाच्या मालकीचा? रोब्लॉक्सच्या ‘ऊफ’वरून समजून घेऊया

रोब्लॉक्स खेळणारं मूल घरात असेल, तर ‘ऊफ’ हा आवाज तुमच्या कानावरून गेला असण्याची शक्यता बरीच आहे. गेममधलं पात्र वरून पडलं, पाण्यात गेलं, कोणी मारलं, की एक छोटंसं कण्हणं ऐकू यायचं. जेमतेम एका सेकंदाचं. पण मुलांना ते इतकं आवडलं की मीम्स झाले, गाण्यांत वापरलं गेलं, मुलं तोंडानेही तेच म्हणू लागली. आणि जुलै २०२२ मध्ये रोब्लॉक्सने तो आवाज गेममधून काढून टाकला. कारण दिलं लायसन्सच्या अडचणीचं.

एका सेकंदाच्या आवाजाचं कसलं आलंय लायसन्स, असं वाटणं साहजिक आहे. पण ऑनलाइन गेममधल्या आवाजांवरून जे वाद होतात, ते जवळपास सगळेच या एका प्रकरणात सापडतात. म्हणून या लेखात मी आधी ‘ऊफ’चं नेमकं काय झालं ते सांगणार आहे, मग त्यामागचा कायदा, आणि शेवटी तुम्ही गेम बनवत असाल किंवा गेमसाठी आवाज बनवून देत असाल तर काय काळजी घ्यायची ते. मी वकील नाही. इथली माहिती विषय समजण्यापुरती आहे. मोठा व्यवहार असेल तर कागद वकिलाला दाखवूनच सही करा.

‘ऊफ’चं प्रकरण थोडक्यात

रोब्लॉक्स हा तसा एक गेम नाही. हा एक प्लॅटफॉर्म आहे. लोक त्यावर स्वतःचे गेम बनवतात आणि इतरांनी बनवलेले खेळतात. तो २००६ मध्ये सुरू झाला. ‘ऊफ’ हा तिथला पात्र मेल्यावर आपोआप वाजणारा आवाज होता. म्हणजे एखाद्या डेव्हलपरने काहीच बदललं नाही, तर त्याच्या गेममध्ये तोच वाजणार.

पण हा आवाज मुळात रोब्लॉक्ससाठी बनलेलाच नव्हता. तो आला होता २००० साली आलेल्या ‘मेसाया’ नावाच्या गेममधून. तो गेम शायनी एंटरटेनमेंट या कंपनीने बनवला होता आणि इंटरप्ले या कंपनीने बाजारात आणला होता. २०१९ च्या सुमारास ही गोष्ट उघड झाली आणि ‘मेसाया’च्या आवाजांचं काम ज्यांच्याकडे होतं ते संगीतकार टॉमी टॅलारिको यांनी या आवाजावर आपला हक्क सांगितला.

नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही बाजूंमध्ये तडजोड झाल्याची बातमी आली. रोब्लॉक्स नवा आवाज आणणार, आणि ज्या डेव्हलपरला जुना ‘ऊफ’च हवा असेल त्याने १०० रोबक्स मोजून तो घ्यायचा. रोबक्स म्हणजे रोब्लॉक्समधलं चलन. तेव्हाच्या हिशोबाने १०० रोबक्स म्हणजे साधारण एक डॉलर. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये ‘ऊफ’ पूर्णच काढला गेला आणि त्याच्या जागी दुसरा आवाज आला.

इथे प्रकरण संपलं असं वाटत होतं. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये हॅरिस ब्रूइस या ब्रिटिश यूट्यूबरने, ज्यांचं चॅनेल ‘एचबॉम्बरगाय’ नावाने ओळखलं जातं, सुमारे दोन तासांचा एक व्हिडिओ टाकला. त्यांनी जुनी श्रेयनामावली, मुलाखती सगळं उकरून काढलं आणि मांडलं की हा आवाज प्रत्यक्षात तयार केला तो जोई कुरास या साउंड डिझायनरने. कुरास त्या काळात टॅलारिको यांच्याबरोबर काम करत होते आणि ‘मेसाया’च्या आवाजांवर त्यांचंही काम होतं.

आता बघा, एका सेकंदाच्या आवाजाभोवती किती जण उभे आहेत. आवाज बनवणारा माणूस, तो ज्यांच्याबरोबर काम करत होता ते संगीतकार, गेम बनवणारी कंपनी, गेम विकणारी कंपनी, आणि वर्षानुवर्षं तो आवाज वापरणारा प्लॅटफॉर्म. यातला मालक कोण? हा प्रश्न कोणत्याही न्यायाधीशापुढे जाऊन त्यावर निकाल लागलेला नाही. झाली ती तडजोड. आणि तडजोड म्हणजे मालकीचा निवाडा नव्हे, हे इथेच लक्षात ठेवा.

कॉपीराइट नेमका कशावर असतो?

पहिला गोंधळ इथेच होतो. ‘कण्हण्याचा आवाज’ ही कल्पना कोणाच्याही मालकीची नसते. दार करकरण्याचा आवाज, नाणं पडल्याचा आवाज, तलवारींचा खणखणाट, यांवर कोणी ताबा सांगू शकत नाही. हक्क असतो तो विशिष्ट ध्वनिमुद्रणावर. म्हणजे कोणीतरी एका दिवशी माइकसमोर उभं राहून केलेलं, साफ केलेलं, फाइल म्हणून ठेवलेलं ते एक रेकॉर्डिंग.

अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात, कलम ११४ मध्ये, हे स्पष्ट लिहिलं आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क त्यात पकडलेल्या प्रत्यक्ष आवाजांपुरता असतो. दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे नवा आवाज रेकॉर्ड केला, तर तो मूळ आवाजासारखा ऐकू आला तरी त्या हक्काचा भंग होत नाही. भारताच्या १९५७ च्या कायद्यातही ‘ध्वनिमुद्रण’ ही वेगळी कृती मानली आहे आणि तिचे हक्क कलम १४ मध्ये वेगळे दिले आहेत.

याचा व्यवहारातला अर्थ असा: एखाद्या गेममधली फाइल उचलून वापरली तर अडचण. तसाच परिणाम देणारा आवाज घरी स्वतः रेकॉर्ड केला तर सहसा अडचण नाही. पण आवाजात एखादी छोटी धून असेल, जसं लेव्हल जिंकल्यावर वाजते, तर गोष्ट बदलते. धून ही संगीतकृती ठरू शकते आणि तिचा कॉपीराइट रेकॉर्डिंगपेक्षा वेगळा असतो. तीच धून दुसऱ्या वाद्यावर वाजवून रेकॉर्ड केली, तरी धुनेचा हक्क आडवा येतोच.

आणखी एक हक्क बऱ्याच जणांना माहीत नसतो. आवाजात कोणी ओरडलं, हसलं, संवाद म्हटला, तर आवाज देणारा कलाकार वेगळा आणि रेकॉर्डिंगचा मालक वेगळा. भारतीय कायद्यात कलम ३८ पासून पुढे कलाकारांच्या हक्कांची स्वतंत्र तरतूद आहे. म्हणून व्हॉइस आर्टिस्टबरोबरही लेखी करार लागतो.

बनवणारा एक, नावावर दुसऱ्याच्या

शेतीच्या भाषेत सांगायचं तर, जमीन कसणारा एक असतो आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं असतं. आवाजाचंही असंच होतं. फरक एवढाच की आवाजाचा सातबारा तलाठ्याकडे नसतो. तो तुमच्या करारातच शोधावा लागतो.

अमेरिकेत नियम असा आहे. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालक कंपनीचं. कायदा तिथे कंपनीलाच निर्माता धरतो. फ्रीलान्सरचं मात्र तसं नाही. त्याने केलेलं काम कंपनीचं तेव्हाच आपोआप ठरतं, जेव्हा ते कायद्याने दिलेल्या नऊ प्रकारांपैकी एकात बसतं आणि तसा लेखी करार दोघांनी सही करून केलेला असतो. नाहीतर हक्क लेखी कागदाने स्वतंत्रपणे नावावर करून घ्यावे लागतात. एखादा माणूस नोकर की फ्रीलान्सर, हे ठरवताना कामावर नियंत्रण कोणाचं, साधनं कोणाची, पगार कसा दिला जातो अशा गोष्टी पाहायच्या, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या एका खटल्यात सांगितलं. तो खटला एका शिल्पाचा होता, पण नियम सगळ्यांना लागू आहे.

‘मेसाया’च्या बाबतीत हेच प्रश्न लावून बघा. आवाज बनवणारा कोणाच्या नोकरीत होता? त्याच्याशी काय लिहून झालं होतं? संगीतकाराच्या स्टुडिओचा गेम कंपनीशी करार काय होता? गेम कंपनीचा प्रकाशकाशी काय होता? त्यात पुन्हा शायनी ही कंपनी २००२ मध्ये इन्फोग्रेम्सला विकली गेली, २००६ मध्ये फाउंडेशन ९ कडे गेली, पुढे दुसऱ्या स्टुडिओत मिसळून डबल हेलिक्स झाली, आणि २०१४ मध्ये डबल हेलिक्स ॲमेझॉनने घेतली. कंपनी विकली म्हणजे तिच्या प्रत्येक जुन्या फाइलचा हक्क आपोआप पुढे गेला असं नसतं. काही हक्क जातात, काही मागे राहतात. ते फक्त विक्रीच्या कागदांवरून कळतं. वीस वर्षांनी एका सेकंदाच्या आवाजाचा मालक शोधणं का कठीण जातं, ते यावरून लक्षात येईल.

भारतात काय नियम आहे?

आपल्याकडे एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट आहे. ध्वनिमुद्रणाचा ‘लेखक’, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने निर्माता, हा प्रोड्यूसर असतो. आणि प्रोड्यूसर कोण? ज्याने ते ध्वनिमुद्रण करण्यासाठी पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. माइक हातात धरणारा माणूस तोच असेल असं नाही.

नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. हे कलम १७ मध्ये आहे. त्याच कलमात फोटो, चित्र, चित्रपट अशा काही कृतींसाठी आणखी एक सोय आहे: पैसे देऊन काम करवून घेणारा पहिला मालक ठरतो. पण त्या यादीत ध्वनिमुद्रणाचं नाव नाही. त्यामुळे ‘मी पैसे दिले म्हणजे आवाज माझा’ असं भारतात डोळे झाकून म्हणता येत नाही. घरी बसून स्वतःच्या माइकवर, स्वतःच्या डोक्याने आवाज बनवणारा फ्रीलान्सर ‘प्रोड्यूसर मीच’ असं म्हणू शकतो आणि कंपनी ‘पुढाकार आमचा होता’ असं म्हणू शकते. वाद इथेच पेटतो.

तो टाळायचा तर कलम १९ कडे बघायचं. हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर ते लेखीच हवं आणि देणाऱ्याची सही हवी. कोणती कृती, कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या प्रदेशात, हे त्यात लिहायचं असतं. लिहायचं राहिलं तर काय?

• मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते.
• प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता हक्क धरला जातो.
• हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास ते हक्क संपुष्टात येतात.

ऑनलाइन गेमसाठी दुसरा मुद्दा फार मोठा आहे. गेम पहिल्या दिवसापासून जगभर डाउनलोड होतो. प्रदेश न लिहिलेला करार म्हणजे नाशिकमध्ये आवाज तुमचा आणि न्यू जर्सीत नाही, अशी अवस्था.

भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. नोंदणी सक्तीची नाही. कृती तयार झाली की हक्क आपोआप मिळतो. नोंदणी केली तर पुरावा म्हणून उपयोग होतो, इतकंच.

इतका छोटा आवाज, मग काय फरक पडतो?

हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. ‘पाच सेकंदांपर्यंत चालतं’, ‘सात सेकंदांपर्यंत फ्री असतं’ अशी वाक्यं यूट्यूबवर सर्रास ऐकू येतात. असा कोणताही नियम ना भारतीय कायद्यात आहे ना अमेरिकन.

अगदी क्षुल्लक वापराकडे न्यायालय दुर्लक्ष करतं, असं एक तत्त्व मात्र आहे. पण त्यावर अमेरिकेतच एकमत नाही, आणि तिथले गाजलेले दोन खटले संगीताचे आहेत. २००५ मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने म्हटलं की दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधला छोटा तुकडाही घ्यायचा तर लायसन्स घ्या. २०१६ मध्ये नवव्या सर्किटच्या न्यायालयाने बरोबर उलट निकाल दिला. तो खटला मॅडोनाच्या ‘व्होग’ या गाण्यातल्या वाद्याच्या एका फटकाऱ्याचा होता. त्याची लांबी होती ०.२३ सेकंद! सामान्य श्रोत्याला तो उचललेला आहे हे ओळखूही येणार नाही, म्हणून भंग नाही, असं न्यायालय म्हणालं. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स या प्रकरणात क्षुल्लक वापराचं तत्त्व मान्य केलं आहे.

आता ‘ऊफ’कडे बघा. तिथे मोठ्या गाण्यात विरघळलेला तुकडा नव्हता. पूर्णच्या पूर्ण आवाज घेतला गेला होता, आणि तो कोट्यवधी मुलांना ओळखू येत होता. म्हणून ‘छोटा आहे’ हा बचाव इथे फार पुढे जाईल असं मला वाटत नाही. लांबीपेक्षा महत्त्वाचं हे की घेतलेला भाग ओळखू येतो का आणि मूळ कृतीचा किती हिस्सा घेतलाय.

दावा म्हणजे मालकी नव्हे

ऑनलाइन जगात एक गंमत आहे. गंमत कसली, डोकेदुखी. कॉपीराइटची तक्रार कोणीही करू शकतं आणि प्लॅटफॉर्म आधी फाइल उतरवतो, चौकशी नंतर.

हे अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्यामुळे घडतं. तक्रार येताच प्लॅटफॉर्मने मजकूर काढला, तर वापरकर्त्याच्या चुकीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. साहजिकच प्लॅटफॉर्म आधी काढून मोकळे होतात. तुम्ही प्रतिनोटीस दिली आणि तक्रारदाराने खटला भरला नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत येतो. भारतात कलम ५२ आणि २०१३ च्या नियमांनुसार तक्रारीनंतर ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर तो पुन्हा सुरू करता येतो.

या सोयीचा गैरवापरही होतो. मार्च २०२२ मध्ये ‘डेस्टिनी’ या ऑनलाइन गेमच्या संगीताचे अनेक व्हिडिओ यूट्यूबवरून उतरवले गेले. तक्रारी गेम बनवणाऱ्या बंजी कंपनीच्या नावाने आल्या होत्या. पण त्या कंपनीने पाठवलेल्याच नव्हत्या. खुद्द बंजीच्या चॅनेललाही त्यांचा फटका बसला. कोणीतरी तोतया प्रतिनिधी बनून त्या पाठवल्या होत्या. शेवटी बंजीला न्यायालयात जावं लागलं.

म्हणून तुमच्या गेमवर किंवा व्हिडिओवर दावा आला, तर घाबरून लगेच पैसे देऊ नका आणि रागाने दुर्लक्षही करू नका. शांतपणे तीन गोष्टी विचारा. नेमकं कोणतं रेकॉर्डिंग? तुमच्याकडे हक्क कोणत्या कागदाने आला? तुम्ही मालक आहात की मालकाचे प्रतिनिधी? खरा मालक या प्रश्नांची उत्तरं देऊ शकतो.

ऑनलाइन गेममध्ये हे वाद जास्त का?

पूर्वी गेम सीडीवर यायचा. आवाज त्यात बंद. आज तोच आवाज खेळणाऱ्यांच्या व्हिडिओत जातो, लाइव्ह स्ट्रीममध्ये जातो, रिंगटोन होतो. रोब्लॉक्ससारख्या ठिकाणी तर लोक स्वतःच फाइल्स टाकतात आणि एकाने टाकलेली फाइल हजारो जण आपल्या गेममध्ये लावतात.

त्यामुळे मोठे दावेही प्लॅटफॉर्मवर येतात. जून २०२१ मध्ये अमेरिकेतल्या संगीत प्रकाशकांच्या संघटनेने रोब्लॉक्सवर किमान २० कोटी डॉलरच्या भरपाईचा दावा लावला. सप्टेंबर २०२१ मध्ये तडजोड झाली. मार्च २०२२ मध्ये रोब्लॉक्सने सहा सेकंदांपेक्षा मोठ्या बहुतेक अपलोड केलेल्या आवाजफाइल्स खाजगी करून टाकल्या. परिणाम? एका रात्रीत असंख्य गेम मुके झाले. ज्यांनी दुसऱ्याने टाकलेला आवाज लावला होता, त्यांच्या हातात काहीच उरलं नाही. आवाज दुसऱ्याच्या नावावर असेल तर तुमच्या गेमचा आवाज कोणीही, कधीही बंद करू शकतं.

‘फ्री साउंड’ खरंच फ्री असतो का?

फ्रीसाउंड ही साइट बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केली. तिथे लाखो आवाज आहेत. पण प्रत्येक फाइलवर वेगळं लायसन्स असतं, आणि डाउनलोडचं बटण दाबायच्या आधी ते वाचायला हवं.

• सीसी झिरो: कुठेही वापरा, नाव देण्याचीही सक्ती नाही.
• सीसी बाय: वापरा, पण बनवणाऱ्याचं नाव द्या.
• सीसी बाय एनसी: नाव द्या आणि व्यावसायिक वापर करू नका. गेममध्ये जाहिराती असतील किंवा वस्तू विकत मिळत असतील, तर ही फाइल टाळलेलीच बरी.

‘रॉयल्टी फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरा, मग प्रत्येक वापराला वेगळे पैसे नाहीत, असा त्याचा अर्थ. आणि कोणी दुसऱ्याच्या गेममधला आवाज काढून ‘फ्री’ म्हणून टाकला असेल, तर त्याचं लायसन्स तुम्हाला वाचवत नाही. जे त्याचं नाहीच ते तो तुम्हाला कसं देणार?

मग करायचं काय?

मी काही काळ लहान मुलांच्या शैक्षणिक गेमसाठी आवाज जमवण्याचं काम केलं. एका स्टुडिओने मला तयार फोल्डर दिलं होतं. शंभरेक फाइल्स, नावं ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘हेच वापरा’. कुठून आणले हे आवाज, असं विचारलं तर उत्तर मिळालं, ‘आधीच्या मुलाने ठेवले होते, तो सोडून गेला.’ शेवटी आम्ही बहुतेक आवाज पुन्हा रेकॉर्ड केले. ताटल्या, चमचे, पाण्याची बादली, जुन्या कपाटाचं दार. दोन दिवस लागले, पण मालकीचा प्रश्न मिटला.

तेव्हापासून मी प्रत्येक प्रोजेक्टला एक साधी एक्सेल शीट ठेवतो. त्यात सहा रकाने असतात: फाइलचं नाव, कुठून घेतली, कोणी बनवली, कोणतं लायसन्स, कोणत्या तारखेला घेतली, आणि लायसन्सच्या पानाचा स्क्रीनशॉट कुठे ठेवला. स्क्रीनशॉट का? कारण साइटवरचं पान उद्या बदलू शकतं किंवा गायबही होऊ शकतं.

तुम्ही आवाज बनवून देणारे असाल, तर:

• काम सुरू करण्याआधी करार करा. व्हॉट्सॲपवरचं ‘ओके सर, करून टाका’ यावर विसंबू नका.
• पूर्ण हक्क देताय की फक्त या गेमपुरतं लायसन्स, हे स्पष्ट लिहा. पूर्ण हक्काची किंमत जास्त असायला हवी.
• मूळ, कच्च्या रेकॉर्डिंगच्या फाइल्स तारखेसह जपून ठेवा. उद्या प्रश्न आला तर ‘हे मी बनवलं’ याचा सर्वात भक्कम पुरावा तोच.
• श्रेयाचं कलम करारात घाला.

या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबतो. भारतीय कायद्यात कृतीच्या लेखकाला नावाचा हक्क आहे, तो कलम ५७ मध्ये. पण ध्वनिमुद्रणाचा लेखक म्हणजे प्रोड्यूसर, हे आपण वर पाहिलं. म्हणजे दुसऱ्यासाठी आवाज बनवणाऱ्याला त्या कलमाचा आधार मिळेलच असं नाही. अमेरिकेतही नाव देण्याचा कायदेशीर हक्क चित्र, शिल्प अशा मोजक्या कृतींपुरता आहे. मालकी आणि श्रेय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकी विकली तरी श्रेय मागता येतं, पण मागावं लागतं, आणि कागदावर मागावं लागतं.

नेहमीचे प्रश्न

*जुन्या, बंद पडलेल्या गेममधला आवाज वापरला तर?*
गेम बंद पडला म्हणून कॉपीराइट संपत नाही. ‘मेसाया’ कधीच विस्मरणात गेला होता, तरी त्यातला आवाज वीस वर्षांनी रोब्लॉक्सला भोवला.

*गेम मोफत आहे, मी काहीच कमवत नाही. मग?*
कमाई नसेल तर भरपाईच्या रकमेवर फरक पडू शकतो. पण परवानगीची गरज त्यामुळे संपत नाही.

*शेवटी ‘साउंडचे हक्क मूळ मालकांचे’ असं लिहिलं तर चालेल?*
नाही. नाव देणं आणि परवानगी घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

*एआयने बनवलेला आवाज सुरक्षित का?*
अमेरिकेत माणसाचा सर्जनशील हात नसलेल्या कृतीला कॉपीराइट मिळत नाही. म्हणजे तो आवाज दुसऱ्याने उचलला तर तुम्हालाही फारसं काही करता येणार नाही. शिवाय त्या सेवेच्या अटींत व्यावसायिक वापराला परवानगी आहे का, ते बघा.

‘ऊफ’ ज्यांनी बनवला त्या जोई कुरास यांचं नाव जगाला कळलं ते गेम आल्यानंतर बावीस वर्षांनी, तेही एका अनोळखी माणसाने जुने कागद चाळले म्हणून. तुमचं नाव कळायला कोणाच्या दोन तासांच्या व्हिडिओची वाट बघावी लागू नये. तेव्हा आज संध्याकाळी एक काम करा. तुमच्या चालू प्रोजेक्टचं साउंड फोल्डर उघडा आणि प्रत्येक फाइलसमोर ती कोणाची आहे ते लिहा. जिथे पेन थांबेल, तो आवाज पुन्हा रेकॉर्ड करा.